वीर्यतपासणीचा पहिला रिपोर्ट हातात आलाय ना? मग हे वाच

अरे, एका रिपोर्टवर धीर सोडू नकोस. माझाही पहिला वाईटच आला होता. त्याच्या दीड महिना आधी तापाने फणफणलो होतो, त्याचाच फटका; पण हे डॉक्टरांना सांगायचंच राहून गेलं.

वृषणात शुक्राणू घडायला साधारण ७४ दिवस लागतात. पुढे अधिवृषणात, म्हणजे वृषणाला चिकटलेल्या गुंडाळलेल्या नळीत, पोहण्याची ताकद यायला आणखी दीड-दोन आठवडे. म्हणजे आजचं सॅम्पल तीन महिन्यांपूर्वीपासूनची गोष्ट सांगतं. सिगारेट आज सोडलीस म्हणून पुढच्या आठवड्यात आकडे हलणार नाहीत.

नवखे चुकतात ते इथे:

- शेवटच्या वीर्यस्खलनानंतर तपासणीआधी २ ते ७ दिवसांचं अंतर ठेवायचं. 'साठवू जरा' म्हणून पंधरा दिवस थांबलास तर हालचाल मंदावते.
- सॅम्पल घरून नेत असशील तर तासाभरात लॅबमध्ये, डबी अंगाशी धरून. थोडं सांडलं तर लाजू नकोस, सांग.
- टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं! पौरुष वाढेल असं वाटतं, पण मेंदूकडून वृषणांना येणारा हुकूमच थांबतो. शुक्राणू पार शून्यावरही येतात. घेत असशील तर डॉक्टरांपासून लपवू नकोस.

रिपोर्टात शुक्राणूंचा 'नॉर्मल आकार ४ टक्के' वाचून घाबरलास ना? तिथे ४ म्हणजे पास.

डीएनए फ्रॅगमेंटेशन (शुक्राणूंमधला डीएनए किती तुटलाय याची तपासणी) वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नकोस. बायकोच्या तपासण्या मात्र सोबतच सुरू करा.