जोर ‘ओल्ड’वर की ‘फॅशन्ड’वर?

प्रश्न : ‘ओल्ड-फॅशन्ड’ या इंग्रजी जोडविशेषणात शब्दकोश ‘फॅ’वर जोर दाखवतो, पण बातम्यांत मला ‘ओल्ड’वर ऐकू येतो. खरं काय? आणि ‘फॅशन्ड’ची उच्चारातली अक्षरं (सिलेबल) दोन की तीन?

उत्तर : शब्दकोश बरोबर आणि तुमचे कानही. शब्द वाक्याच्या शेवटी आला की मुख्य जोर दुसऱ्या भागावर पडतो. पुढे नाम आलं की तो बहुधा मागे सरकतो. ‘सेकंड-हँड’ म्हणून पाहा. ‘इट्स सेकंड-हँड’मध्ये जोर ‘हँड’वर. पण ‘सेकंड-हँड बुक’ म्हणताना ‘हँड’ आणि ‘बुक’ असे दोन ठोके शेजारी येतात, ते इंग्रजीच्या तालाला रुचत नाही. म्हणून ‘हँड’ दबतो, ‘से’ वर येतो. शब्दकोशात पहिल्या भागाच्या आधी, खालच्या बाजूला बारीक खूण असते ना, ती या सरकण्याची जागा दाखवते. लोक मुख्य जोराची वरची खूण तेवढीच बघतात!

मात्र ‘होमसिक’, ‘वॉटरप्रूफ’ यांत जोर पहिल्याच भागावर, तो हलत नाही. पण ‘टॅक्स-फ्री’त तो ‘फ्री’वर. त्यामुळे नाम-विशेषणाच्या जोड्यांना सरसकट नियम लावू नका, शब्दकोश उघडा.

अक्षरांसाठी स्पेलिंग नको, ऐकू येणारे स्वर मोजा. शेवटचं ‘ईडी’ फक्त ‘ट’ किंवा ‘ड’नंतर वेगळं अक्षर होतं. म्हणून ‘काइंड-हार्टेड’ तीन अक्षरी, ‘ब्लू-आइड’ दोनच. ‘फॅशन्ड’चीही दोन. ‘नेकेड’, ‘विकेड’ हे मात्र जुने हट्टी अपवाद.