पहिल्या विणीआधी

खानापूर, श्रावण

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या चिवावा कुत्रीचा व्हिडिओ तीनदा बघितला. मान उचलून चालते, डोळ्यांत पाणी नाही, मागची पावलं सरळ पडतात. डॉग शोच्या पपी क्लासात, म्हणजे पिल्लांच्या गटात, पहिली आली, खूप आनंद झाला. पण व्हिडिओखाली तू जे विचारलंस ते वाचून फोन बाजूला ठेवला आणि कागद घेतला. मादी एक किलो चारशेची, बेंगळुरात एक किलोचा नर मिळतोय, दिवाळीनंतर माजावर आली की लावू का, असं तू विचारतेस.

लावू नकोस.

पहिली गोष्ट वयाची. तेव्हा ती जेमतेम सव्वा वर्षाची असेल. २०१७ च्या केंद्राच्या श्वानप्रजनन नियमांप्रमाणे अठरा महिन्यांच्या आत मादी लावता येत नाही. बारा महिन्यांत एकच वीण, आयुष्यात पाचपेक्षा जास्त नाहीत, आणि आठ वर्षांनंतर बंद. पिल्लू आठ आठवड्यांचं होण्याआधी विकता येत नाही, आणि राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. आपल्या भागात हे कोण विचारतंय, असं तुला कुणी सांगेल. त्याचं ऐकू नकोस. नियम नसते तरी मी हेच सांगितलं असतं.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि खरं पत्र तिच्यासाठीच आहे. एफसीआय, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची मानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था, तिच्या मानकात चिवावाचं आदर्श वजन दीड ते तीन किलो आहे. एक किलोच्या खालचं आणि तीनच्या वरचं कुत्रं शोच्या रिंगमधून बाद होतं. 'टीकप' नावाची जात कुठल्याही मानकात नाही, ती फक्त विकणाऱ्याच्या तोंडी आहे. तू निवडलेला नर काठावर उभा आहे, तुझी मादीही दीडच्या आत. दोघंही बारीक म्हणजे पिल्लंही बारीक निघतील, असा तुझा हिशोब दिसतो. पण पोटातलं पिल्लू आईचं वजन बघून वाढत नाही. चिवावाचं डोकं सफरचंदासारखं गोल, आणि इतक्या लहान मादीचा कटीभाग अरुंद. पोटात एकच पिल्लू असेल तर ते आणखी मोठं होतं. मग अडते. रात्री दोन वाजता तिला टॉवेलात गुंडाळून गाडीत बसायचं, आणि निपाणीहून कोल्हापूर गाठेपर्यंत ती आणि पिल्लू दोन्ही टिकतील का, हे आपल्या हातात राहत नाही.

तू व्हिडिओत सहज म्हणालीस की हिची बहीण दोन किलो तीनशेची आहे, अंगानं जरा लांब, "रिंगची नाही". पोरी, ती कुठे आहे? विकली नसशील तर विकू नकोस. त्याच मानकात लिहिलंय की बांधा जवळजवळ चौरस हवा, पण मादी थोडी लांब चालते, कारण तिला पिल्लं व्हायची असतात. कप आणणारी मादी वेगळी आणि केनल चालवणारी वेगळी, हे मला समजायला फार वर्षं लागली. आज माझ्याकडे जी चांगली कुत्री आहेत, त्यांच्या आज्या-पणज्या कधी रिंगमध्ये गेल्या नव्हत्या. त्या मोकळ्या व्यायल्या, दूध भरपूर दिलं, पिल्लांवर कधी गुरगुरल्या नाहीत. नर चॅम्पियन बाहेरून मिळतो. अशी मादी आपल्याच घरात जपावी लागते.

लावण्याआधी बहिणीचे गुडघे डॉक्टरांकडून हातानं तपासून घे. टॉय, म्हणजे अगदी लहान जातींच्या कुत्र्यांत गुडघ्याची वाटी सरकणं सर्रास असतं, आणि ते पिल्लांत उतरतं. वाटी सरकत असेल तर तिला घरात लाडानं सांभाळ, पण लावू नकोस. मर्ल, म्हणजे फिकट अंगावर गडद ठिपक्यांच्या रंगाचा नर कितीही देखणा दिसो, घेऊ नकोस. दोन मर्ल एकत्र आले की पिल्लं बहिरी-आंधळी निघू शकतात, आणि एफसीआयच्या मानकात तो रंग चालतही नाही.

दिवस अंदाजानं मोजू नकोस. माजाच्या वेळी रक्तातल्या प्रोजेस्टेरॉन हार्मोनची तपासणी केलीस तर अंडं कधी सुटलं ते कळतं. तिथून त्रेसष्ट दिवस. पंचावन्नाव्या दिवसाच्या पुढे एक एक्स-रे काढ, पिल्लं किती ते दिसतील. शेवटच्या आठवड्यात रोज दोनदा ताप बघ. नव्व्याण्णव फॅरनहाइटच्या खाली उतरला की साधारण चोवीस तासांत वीण. जोरात कळा येऊनही अर्ध्या तासात पिल्लू आलं नाही, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट स्राव दिसला, तर वाट बघायची नाही. त्या रात्री फोन उचलणारा आणि ऑपरेशन करणारा डॉक्टर मादी लावायच्या आधीच ठरवून ठेव.

आता माझं सांगते. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. आषाढ होता, खानापुरात चार दिवस ऊन नव्हतं. मादी व्यायली, तीन पिल्लं. रात्री लाईट गेली, पिल्लांच्या पेटीतला उबेचा बल्ब बंद. पहाटे हात घातला तर एक पिल्लू गार आणि मलूल. मला वाटलं, उपाशी आहे. बोळ्यानं दूध पाजलं. तासाभरात गेलं. डॉक्टर म्हणाले, गार पिल्लाचं आतडं थांबलेलं असतं, दूध तसंच पोटात राहतं. आधी हळूहळू ऊब, मग दूध. मी प्रेमानं पाजलं आणि त्या पाजण्यानंच ते गेलं, हे अजून मनातून जात नाही. म्हणून तुला सांगते, पहिल्या आठवड्यात पेटीचा एक कोपरा तीस डिग्रीच्या आसपास ठेव, दुसरा कोपरा जरा गार, म्हणजे पिल्लं आपली आपण सरकतील. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून जवळ असू दे. लाईट जाणारच.

आणि वजनकाटा घे. सोनाराकडे असतो तसा ग्रॅम दाखवणारा. शंभर ग्रॅमच्या पिल्लाचे पाच ग्रॅम कमी झाले तर डोळ्यांना दिसत नाहीत, काट्याला दिसतात. सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिही. पहिल्या दिवशी थोडं उतरलं तरी चालतं, पण त्यानंतर रोज चढलं पाहिजे. आठ-दहा दिवसांत दुप्पट.

गाभण असताना कॅल्शियमचं औषध देऊ नकोस. आपल्याकडे शेजारीपाजारी, दुकानदार, सगळे द्यायला सांगतात. त्यानं अंगाची स्वतःची कॅल्शियम काढायची सवय सुस्तावते, आणि दूध जोरात असताना कमी पडतं. पिल्लं दोन-तीन आठवड्यांची असताना आई थरथरू लागली, धापा टाकू लागली, पाय ताठ झाले, की पिल्लं बाजूला काढ आणि तसंच डॉक्टरांकडे पळ. शिरेतून कॅल्शियम दिलं की ती डोळ्यांदेखत सावरते. उशीर झाला तर जाते.

शोचं थोडक्यात. टॉय कुत्र्याला जज टेबलावर तपासतो, म्हणून घरातल्या टेबलावर रबरी चटई टाकून रोज दोन मिनिटं उभं कर. दात दाखवायला, अनोळखी हात अंगावर फिरू द्यायला शिकव. लसी पुऱ्या होईपर्यंत पिल्लं जमिनीवर सोडू नकोस, पार्व्हो या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन् महिने राहतो. पण कडेवर घेऊन बाजारात जा. बेळगावच्या शिवजयंतीची मिरवणूक लांबून ऐकव. आवाजाला बुजलेलं कुत्रं रिंगमध्ये शेपूट खाली घालतं, मग बांधा कितीही चांगला असो.

थंडीचा शो सीझन येईल. व्हिडिओतल्या मादीला त्यात खुशाल उतरव, ती रिंगचीच आहे. दसऱ्याला इकडे येशील तेव्हा बहिणीलाही घेऊन ये, आणि दोघींची वहीही. गुडघे आधी मी बघते, मग बेळगावात डॉक्टरांना दाखवू. नराचं त्यानंतर बोलू.

तुझी,
मावशी