पाढे घडाघडा म्हणते, पण शाब्दिक उदाहरण वाचता वाचता आकडे विसरते. तिसरीतल्या मुलीची स्मरणशक्ती कमी आहे का? ब्रेन ट्रेनिंगचं ॲप घ्यावं का?

स्मरणशक्ती कमी असती तर पाढे तरी कुठून आले असते? ठाण्याच्या नौपाड्यात मी घरी शिकवण्या घेते. तुमच्या मुलीसारखं एखादं मूल दरवर्षी असतंच.

पाठ केलेलं कायमच्या स्मृतीत जातं. शाब्दिक उदाहरणाला लागते ती वर्किंग मेमरी, म्हणजे आकडे डोक्यात धरून त्याच वेळी त्यांच्यावर काम करायची जागा. ती लोकलच्या बाकासारखी समजा. मोठ्या माणसाच्या बाकावर तीन-चार गोष्टी बसतात, मुलांचं बाक त्याहून आखूड. 47 आणि 28 तोंडी मिळवताना दोन्ही संख्या, एककाचे 5, हातचा 1, शिवाय 'आता दशकाची बेरीज' हे भान, सगळे एकदम चढतात. कुणीतरी खाली पडतं, बहुतेक वेळा हातचाच. पाढे पाठ असले की निदान सात आठे छप्पनला जागा अडवावी लागत नाही.

त्यात आपली मराठी. 'एकोणतीस' ऐकू येतं तीस, लिहायचे 2 आणि 9. सरळ 39 लिहिणारी मुलं मी ढिगाने पाहिलीत. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं, तेव्हा सगळ्यांबरोबर मीही हसले होते. आता हसत नाही.

ॲपचे पैसे वाचवा. मेल्बी-लेर्वाग आणि हुल्म या संशोधकांनी 2013 मध्ये अशा प्रशिक्षणांवरचे बरेच अभ्यास एकत्र तपासले. मुलं त्या खेळांत तरबेज होतात, गणितात फरक दिसत नाही.

भीतीही जागा खाते. 2001 मध्ये ॲशक्राफ्ट आणि कर्क या संशोधकांनी कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केले. गणिताची धास्ती असलेले विद्यार्थी हातच्याच्या बेरजांतच जास्त अडखळले, तेही डोक्यात आणखी काही धरून ठेवायला सांगितल्यावर. तेव्हा 'पटकन सांग!' म्हणत डोक्यावर उभं राहू नका.

उदाहरण अर्धं वाचलं की थांबवा, आकडा लिहू द्या, मग पुढचं वाक्य. हातचा कागदावर मांडू दे, बोटावर धरू दे. शब्दच 'हातचा' आहे, डोक्यातला नाही!

घरीही 'दप्तर ठेव, हात धू, डबा आण' यातलं डब्याचं ती रोजच विसरत असेल, तर मात्र वर्गशिक्षिकांशी एकदा बोला. वर्गात सूचना एकेक करून दिल्या तर तिला जमतं का, ते त्यांना बघायला सांगा.