‘वजन कमी करा’ सांगितल्यावर रुग्ण परत का येत नाहीत? गोव्यातल्या कामाचा अनुभव

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. फोंड्याच्या दवाखान्यात आहारसल्लागार म्हणून रुजू होऊन तुम्हाला सहा महिने झालेत. बीपी-शुगरच्या रुग्णांना छापील तक्ता दिला तरी तीन महिन्यांनी काटा तिथंच, निम्मे लोक परत फिरकत नाहीत, आणि आता जो तो वजन उतरवणारं ‘ते इंजेक्शन’ विचारतो. मी हेच काम डिचोली-म्हापसा भागात एकोणीस वर्षं करतेय. लांबलचक लिहिणार आहे, सवडीनं वाचा.

तुमच्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचं आहे ते लोकांचं परत न येणं. आधी तेच धरा. वजनाचं काम वर्षानुवर्षं चालतं, आणि जो माणूस येतच नाही त्याच्यासाठी आपण काहीच करू शकत नाही.

सुरुवातीला मी जिथे होते तिथे वजनकाटा व्हरांड्यात असायचा. मदतनीस मोठ्यानं आकडा सांगायची आणि मी आतून लिहून घ्यायचे. एका बाईंना मी रांगेतल्या सगळ्यांदेखत म्हणाले, “मागच्या वेळी भात बंद करायला सांगितला होता ना?” त्या काही बोलल्या नाहीत. पदर सावरला, चपला घातल्या आणि गेल्या. दोन वर्षांनी आल्या तेव्हा पायाला जखम होती आणि शुगर साडेतीनशेच्या वर. मधली दोन वर्षं माझ्या त्या एका वाक्यानं गेली असं मी आजही मानते. त्यानंतर काटा खोलीत घेतला, दार लावून वजन करायला लागले, आणि काट्यावर उभं करण्याआधी “आज वजन बघायचं का?” असं विचारायला लागले. कोणी नको म्हणालं तर त्या दिवशी फक्त कंबर मोजते किंवा नुसती बोलते.

मापाबद्दल थोडक्यात. आपल्या लोकांसाठी बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 23 पासून जादा वजन आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात, 30 ची वाट बघायची नाही. पण कंबर विसरू नका: मर्यादा पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80. हातपाय बारीक आणि पोट सुटलेलं अशी माणसं आपल्याकडे ढिगानं आहेत. आणि हे काही एकट्यादुकट्याचं दुखणं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019–21 मध्ये, गोव्यातल्या दर तीन बायकांत एकीहून जास्त जणींचा बीएमआय 25 किंवा वर निघाला. सगळ्याच आळशी किंवा जिभेच्या लोभी कशा असतील?

जेवणाचं विचारायच्या आधी औषधांची पिशवी उघडून बघा. स्टेरॉइड, इन्सुलिन, ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्या, काही मानसिक आजारांवरची आणि फिटची औषधं वजन वाढवतात. ती बंद करायला आपण कधीच सांगायचं नाही, पण डॉक्टरांच्या कानावर घालायचं. उलट बाजूही ध्यानात ठेवा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असलेल्या माणसाचा भात एकदम निम्म्यावर आणला तर शुगर धाडकन उतरून तो चक्कर येऊन पडेल. म्हणून आधी डोस डॉक्टरांशी बोलून घ्यायचा. थायरॉइड तपासायचा, पण सगळं खापर त्याच्यावर फोडू द्यायचं नाही. घोरणं आणि दिवसाची पेंग विचारा. झोपेत श्वास अडकत असेल तर तो वेगळा आजार आहे, त्यावर उपचार होतात.

आता ताटाकडे येऊ. तो छापील तक्ता ठेवून द्या. त्यात ओट्स, ब्रोकोली असलं लिहिलेलं असतं आणि माणूस घरी जाऊन शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी, जेवतो. “शीत नासल्यार जेवण कसलें?” (भात नसला तर जेवण कसलं?) हे मी रोज ऐकते आणि मला ते पटतं. भात बंद करायचा नाही, मोजायचा. डिचोलीकडच्या एका चौपन्न वर्षांच्या बाई होत्या, वजन 88 किलो, दोन्ही गुडघे धरलेले. त्या ठामपणे सांगायच्या, मी अगदी थोडं जेवते. खोटं बोलत नव्हत्या, त्यांना तसंच वाटत होतं. मी त्यांना घरातला भाताचा डाव घेऊन यायला सांगितलं. डाव चांगला खोलगट निघाला, त्यात आमटीच्या दोन वाट्या सहज मावत होत्या, आणि ‘दोनच डाव’ दोन्ही वेळा. मी काहीच बोलले नाही. त्याच हसून म्हणाल्या, “डाव बदलायला हवा.” भात निम्मा झाला. उरलेल्या जागी आधी भाजी, मग बांगडा, आणि श्रावणात मूग-मसूर-चवळीचं तोंडाक, म्हणजे कडधान्याची आमटी.

त्यांच्याच घरी तेलाचा हिशेब केला. हा हिशेब सगळ्यांकडून करून घ्या, कारण पाठ केलेल्या कॅलरींपेक्षा तो लवकर कळतो. पाच लिटरचा डबा चौघांना महिनाभर पुरायचा, म्हणजे माणशी रोज चाळीस मिलीहून जास्त. एवढ्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी जातात, आणि रोजचं खोबरं वेगळंच. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साडेतीनशे ते चारशे कॅलरी असतात. गोव्यात खोबरं सोडा म्हणणाऱ्याचं पुढचं काही कोणी ऐकत नाही. म्हणून मी ते पूर्ण सोडायला लावलं नाही. नारळ अर्धा केला आणि तळलेली मासळी आठवड्यातून दोनदाच, एवढंच ठरलं. नवा डबा फोडला की त्यावर तारीख लिहायची. काही महिन्यांनी तोच डबा 43 दिवस चालला, म्हणजे माणशी तीस मिलीच्या आत.

न्याहारीला पातळ भाजी आणि पाव असेल तर पाव मोजा. कोंडा दिसतो म्हणून तीन पोया (कोंड्याचे गव्हाचे पाव) खाणारे बरेच आहेत, त्यांचा हिशेब तोच राहतो. सकाळी दहाची उकड्या तांदळाची पेज मात्र मी कोणाची काढत नाही, पातळ असते आणि पोट धरते. पुरुषांना दारूचं सरळ विचारा, लाजू नका. साठ मिलीच्या एका पेगात सव्वाशे-दीडशे कॅलरी, फेणी असो की व्हिस्की, आणि बरोबरचं तळलेलं वेगळं. चवथीला नेवऱ्या खायच्याच. त्या पंधरवड्यात मी कोणालाही वजन करायला बोलावत नाही.

उद्दिष्ट लहान ठेवा. ‘पंचवीस किलो उतरवा’ म्हटलं की माणूस तिथंच हरतो. पाच ते दहा टक्के वजन उतरलं तरी शुगर, बीपी, यकृतावरची चरबी यांत फरक दिसतो. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात सात टक्के वजन घट आणि आठवड्याला 150 मिनिटं चालणं एवढंच उद्दिष्ट होतं, आणि मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. गुडघेदुखीवाल्यांना मी वेगळं सांगते: एक किलो उतरलं की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं हलका होतो. हे ऐकून डोळे चमकतात. जून ते सप्टेंबर आपल्याकडे बाहेर चालणं होत नाही, म्हणून पावसाळ्याचं मे महिन्यातच ठरवून घ्या. घरातला जिना, खुर्चीवरून हात न टेकता उठबस, पाण्यानं भरलेल्या बाटल्या उचलणं, सगळं चालतं. स्नायू टिकायला ताकदीचा व्यायाम हवाच.

पाच-सहा महिन्यांनी वजन अडतं. इथंच बहुतेक जण सुटतात, म्हणून हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवा. वजन उतरलं की भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं, पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन घटतं आणि शरीर कमी ऊर्जेत भागवायला शिकतं. हे वर्षभरानंतरही टिकून असल्याचं अभ्यासांत दिसलंय. म्हणजे माणूस ढिला पडलेला नसतो, त्याचं शरीर जुन्या वजनाकडे ओढत असतं. अडलेलं वजन तसंच टिकवणं हे यश आहे, आणि तसं तोंडानं म्हणा.

इंजेक्शनबद्दल. टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड 2025 पासून भारतात मिळतंय. औषधं खरोखर गुणकारी आहेत. चाचण्यांत सेमाग्लुटाइडनं सरासरी 15 टक्के, तर टिर्झेपटाइडच्या मोठ्या डोसनं 20 टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. ज्याला गरज आहे त्यानं घेतलं तर त्याला ‘सोपा मार्ग’ म्हणून हिणवू नका, बीपीच्या गोळीला कोणी तसं म्हणत नाही. पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं, हे खर्चाच्या आधी सांगा. मळमळ, बद्धकोष्ठ होतात, आणि भूकच नसल्यानं प्रथिनं कमी पडून स्नायू झिजतात. तिथं आपलं काम वाढतं. गरोदरपणात चालत नाही. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल किंवा घरात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग झाला असेल तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. मैत्रिणीचं बघून परस्पर आणणाऱ्यांना थांबवा.

डिचोलीच्या बाई सात महिन्यांत 81 वर आल्या. आज पाच वर्षं झाली, 82 ते 84 मध्ये असतात. मधे सून बाळंत झाली तेव्हा 86 झाल्या आणि यायच्या बंद झाल्या. मी फोन केला, वजनाचं काही विचारलं नाही, बाळाचं विचारलं. पुढच्या सोमवारी आल्या.

तुमच्याकडे जे परत आले नाहीत त्यांची यादी काढा आणि रोज दुपारी दोघांना फोन करा.