गेमकट्टा : अवकाशात लुटमार करायचीय, पण कशी?

मागच्या अंकात एलिट डेंजरस या अवकाशातल्या शिप उडवायच्या गेममधल्या ट्रेडिंगवर लिहिलं, तेव्हापासून सांगली साताऱ्याकडून जे प्रश्न आले त्यात निम्म्याहून जास्त जणांना ट्रेडिंग नकोच आहे, सगळ्यांना चाचे व्हायचंय. म्हणून हा अंक त्यांचाच.

दादा, मी एलिट डेंजरसमध्ये आत्तापर्यंत नुसतं ट्रेडिंग आणि मायनिंग केलं, पैसे बक्कळ झाले पण आता तेच ते करून जाम बोर झालंय. आउटलॉ होऊन बघायचंय. पण भीती वाटते की एवढं कमावलेलं सगळं जाईल. आणि रूममेट म्हणतोय चाचेगिरीत पैसाच नाही, मायनिंगच कर. खरं काय आणि सुरुवात कुठून करू?
– एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली

भावा, पैशाच्या बाबतीत रूममेटचं बरोबर आहे. एका तासात मायनिंग जेवढं देतं तेवढं लुटीतनं सहसा निघत नाही. पण तू स्वतःच लिहिलंयस की पैसे बक्कळ आहेत, मग आता हिशोब पैशाचा कशाला करायचा? चाचेगिरीत जे मिळतं ते दुसरंच असतं. ट्रेडिंगमध्ये तू स्टेशन ते स्टेशन झोपेतपण जाशील, इथं प्रत्येक सिस्टीममध्ये शिरताना आधी बघावं लागतं की सिक्युरिटी काय आहे, पळायचं कुठनं, माल विकायचा कुठं. तीच गॅलेक्सी, चाळीस हजार कोटी ताऱ्यांची, पण पहिल्यांदाच नीट बघितल्यासारखी वाटते.

आता कमावलेलं जाईल का. नाही जाणार, एक काम केलंस तर. धंद्याचं मोठं शिप घेऊन लुटायला जाऊ नकोस. २०१८ च्या फेब्रुवारीत जो ३.० अपडेट आला त्यानंतर गुन्ह्याची बाउंटी, म्हणजे पकडणाऱ्यासाठी लावलेलं बक्षीस, ज्या शिपवर बसून गुन्हा केलास त्या शिपला चिकटते. म्हणजे लुटीचं शिप वेगळं ठेवलंस की तुझं मायनिंगचं शिप सुखानं स्टेशनात ये जा करू शकतं. लुटीसाठी कोब्रा एमके थ्री घे. रिकामं शिप साधारण साडेतीन लाख क्रेडिटला, म्हणजे गेममधल्या पैशाला, येतं, बूस्ट मारल्यावर वाऱ्यासारखं पळतं, आणि गेलं तरी रिबाय, म्हणजे फुटलेलं शिप परत मिळवायचा खर्च, किमतीच्या पाच टक्केच असतो. तुझ्याकडचे पैसे बघता डोळ्यातनं पाणी यायचं कारण नाही. फक्त रिबायचे पैसे खात्यात नसताना उडू नकोस, हे तर ट्रेडिंग करतानापण पाळत असशीलच.

सामान काय लागतं बघ. समोरच्याला सुपरक्रूझमधनं, म्हणजे सिस्टीममधल्या लांबच्या वेगवान प्रवासातनं, खाली ओढायला एफएसडी इंटरडिक्टर. त्याच्या पोटात काय माल आहे ते बघायला मॅनिफेस्ट स्कॅनर. कार्गोचं दार फोडायला हॅच ब्रेकर लिंपेटचा (लिंपेट म्हणजे छोटा ड्रोन) कंट्रोलर, आणि सांडलेला माल गोळा करायला कलेक्टर लिंपेटचा कंट्रोलर. लिंपेट वेगळे विकत घ्यायला लागतात आणि एकेक लिंपेट एक टन जागा खातो, त्यामुळं जाताना कार्गो लिंपेटनी भरून जायचं, ते वापरले जातील तशी मालाला जागा होत जाते. बरीच मुलं पहिल्या वेळेस कंट्रोलर बसवतात आणि लिंपेट घ्यायचेच विसरतात.

पहिली लूट अनार्की सिस्टीममध्ये कर. तिथं कायदाच नाही त्यामुळं गुन्हा नोंदला जात नाही आणि पोलीसपण येत नाहीत, हात बसेपर्यंत तिथंच रहा. सुपरक्रूझमध्ये लेकॉनची टाइप सिक्स नाहीतर टाइप सेव्हन दिसतीय का बघ, ही मालवाहू शिपं, वळायला जड. तिच्या मागं जा, इंटरडिक्टर लाव, वर्तुळात तिला धरून ठेव, दोघंही गरगरत नॉर्मल स्पेसमध्ये पडता. पडल्या पडल्या आधी स्कॅन. आत बायोवेस्टसारखा स्वस्त कचरा निघाला तर सोडून दे, लिंपेट वाया घालवू नकोस. चांदी, पॅलेडियम असलं काही दिसलं तर आधी लेझरनी शिल्ड उतरव, मग सबसिस्टीममध्ये, म्हणजे शिपच्या भागांच्या यादीत, ड्राइव्ह (इंजिन) निवड आणि फक्त तिथंच मार. ड्राइव्ह शून्यावर गेले की शिप नुसतं तरंगत राहतं. आता बंदूक बंद. खरंच बंद, कारण इथंच नवीन माणसाचा हात ट्रिगरवरनं निघत नाही आणि शिप फुटतं, आणि फुटलं की बराचसा माल त्याच्यासोबतच जातो. हॅच ब्रेकर सोड, तो जाऊन चिकटतो, दार उघडतं आणि डबे एकेक करून बाहेर यायला लागतात, हळूहळू फिरत, आणि तुझे कलेक्टर मधमाश्यांसारखे ते उचलून आणतात. तो क्षण मला या गेममधला सगळ्यात भारी वाटतो, मनापासून सांगतो. समोरचा जिवंत, तू जिवंत, माल तुझ्याकडं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आउटलॉ म्हणजे दिसेल त्याला उडवणे असं बरेच जण धरून चालतात. चांगला चाचा गोळी कमीत कमी मारतो. त्याला ट्रेडरपेक्षा जास्त नियम पाठ असायला लागतात, नाहीतर तो टिकतच नाही.

माल चोरीचा म्हणून शिक्का बसतो, साध्या मार्केटला तो विकता येत नाही, ब्लॅक मार्केटच लागतं. अनार्कीवाल्यांच्या स्टेशनात ते बहुधा मिळतं. कायद्याच्या सिस्टीममध्ये चोरीचा माल घेऊन उतरत असशील तर पोलिसांच्या स्कॅनपासून सांभाळ. सायलेंट रनिंग लावलं की शिपची उष्णता बाहेर पडत नाही म्हणून तू त्यांना सहज दिसत नाहीस, पण उष्णता आतच साठत जाते आणि शिल्डपण जातात, त्यामुळं स्टेशनच्या तोंडाशी आल्यावरच लाव आणि पटकन आत शिर.

कॉम्प्युटरच्या शिपांना लुटून लुटून झालं, आता ओपनमध्ये खऱ्या माणसांना लुटायचंय. मित्र म्हणतो हे हलकट काम आहे, समोरच्यानं तासंतास घालवून माल जमवलेला असतो. मी म्हणतो गेममध्ये सोय दिलीय म्हणजे चालतं. तुमचं मत?
– एक वाचक, कराड

तुमचं दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. गेममध्ये एकट्यानं खेळायचा सोलो आणि ओळखीच्यांचा प्रायव्हेट ग्रुप आहेत, ज्याला माणसं नको असतील त्यानं तिकडं जावं, ओपनमध्ये आलेल्या माणसानं लुटारू भेटू शकतो हे मान्य करूनच यायचं असतं. त्यामुळं लुटणं हलकटपणा नाही. पण कसं लुटता त्यावर सगळं आहे.

माझं मत स्पष्ट आहे. आधी बोला. चॅटमध्ये सांगा की थांब, अमुक टन टाक आणि जा. आणि मागणी अशी करा की समोरच्याला टाकून जाणं परवडलं पाहिजे, सगळाच माल मागितलात तर तो कशाला थांबेल, तो जीव गेला तरी पळायचाच प्रयत्न करणार. थोडा वेळ द्या, समोरचा नवीन असेल तर त्याला कार्गो कसा टाकायचा हेच माहीत नसतं, ते पण सांगा. टाकला की सोडा, शब्द पाळा. चॅट करतानाच काही लोकांची घाबरगुंडी उडते आणि नंतर तेच म्हणतात की आजचा दिवस भारी गेला. असा लुटारू भेटणं म्हणजे त्या माणसाच्या गेममध्ये तुम्ही एक गोष्ट घडवून आणलीत.

याच्या उलट ते गँकर. डेसियाटमध्ये फेलिसिटी फारसीअर ही इंजिनिअर आहे, नवीन पोरं अपग्रेडसाठी तिच्याकडं जातात, आणि तिथं तगडी शिपं घेऊन बसायचं, येईल त्याला काही न बोलता उडवायचं. मागायचं काही नाही, घ्यायचं काही नाही. याला मी चाचेगिरी म्हणत नाही आणि कुणी म्हणलेलं मला आवडतही नाही. त्या पोरांतले कितीतरी परत ओपनमध्ये येतच नाहीत.

आणि एक उलट बाजूचं. तुम्ही पकडले गेलात, समोरनं बाउंटी हंटर आला, तर इंटरनेटची वायर ओढू नका नाहीतर गेम मारून टाकू नका. त्याला कॉम्बॅट लॉगिंग म्हणतात, गेम बनवणाऱ्या फ्रंटियरला ते चालत नाही. मेनूतनं पंधरा सेकंद थांबून बाहेर पडायला परवानगी आहे, पण जो दुसऱ्याला लुटतो त्यानं तेवढंही करू नये असं मला वाटतं.

बाउंटी चढलीय, फेडायला गेलो तर फेडूनच घेत नाहीत. बग आहे का?
– एक वाचक, मिरज

बग नाही, तुमची नोटोरायटी, म्हणजे बदनामीचा आकडा, शून्य नाहीय. निरपराध शिपं उडवली की हा आकडा वाढतो, दहापर्यंत जातो. शून्य झाल्याशिवाय बाउंटी फेडता येत नाही. दर दोन तासाला एक उतरतो, पण ते दोन तास गेम चालू असताना मोजले जातात, बंद करून झोपलात तर तिथंच राहतो. तोपर्यंत ते शिप बाजूला ठेवा, दुसऱ्यावर मायनिंग करा. शून्य झाल्यावर लो सिक्युरिटी सिस्टीममध्ये इंटरस्टेलर फॅक्टर्स, म्हणजे बाउंटी मिटवून देणारे एजंट, शोधा, ते पंचवीस टक्के जास्त घेतात पण दुसऱ्या सिस्टीममधली बाउंटी पण तिथंच मिटते. पहिल्या उत्तरात जे लिहिलंय की गोळी कमी मारा, त्याचं हे पण एक कारण.

आम्ही वाळवा तालुक्यातले. लहानपणापासून बापू बिरू वाटेगावकरांच्या गोष्टी ऐकत आलोय, फरारी असून गोरगरिबाला हात न लावणारा माणूस. गेममध्ये असा फरारी होता येतं का? का सगळ्यांनाच लुटावं लागतं?
– एक वाचक, बोरगाव परिसर

प्रश्न फार आवडला. एक गोष्ट मात्र आधी बोलतो. बापूंच्या गोष्टीत खरी माणसं मेली आणि खरी शिक्षा भोगली गेली, कृष्णाकाठच्या लोकांना ते ठाऊक आहे, म्हणून ते आणि आपला गेम एका तराजूत घालायला नको. पण लोकांच्या तोंडी काय राहिलं, तर तो कुणाला हात लावायचा नाही ते. तेवढं तुम्ही गेममध्ये नक्की घेऊन जाऊ शकता.

गेम तुम्हाला गरीब कोण आणि सावकार कोण हे सांगत नाही, पण प्रत्येक शिप कुठल्यातरी फॅक्शनचं (गटाचं) असतं, आणि एखाद्या फॅक्शनची शिपं उडवत राहिलं तर त्या सिस्टीममधली त्यांची पकड ढिली होते. म्हणजे तुमचा शत्रू तुम्ही निवडू शकता. गेममधल्या एम्पायर या साम्राज्यात गुलाम ठेवणं कायदेशीर आहे, मालाच्या यादीत इम्पिरियल स्लेव्ह्ज म्हणून उघड विकले जातात. गुलामांची सुटका करायची अशी सोय गेममध्ये नाही, पण त्यांचा व्यापार जे फॅक्शन चालवतं तेवढ्यांच्याच वाटेवर बसायचं आणि बाकी कुणाला अडवायचं नाही असं कितीतरी जण ठरवून खेळतात. मला हे खेळणं सगळ्यात जास्त पटतं. अनार्की फॅक्शनच्या मिशन बोर्डवर अमुक माल लुटून आणा अशी कामं पण असतात, ती केली की तिथं तुमची ओळख वाढते, लपायला हक्काचं घर होतं. आणि ज्याला राजाच्या दरबारातच बसायचंय त्याला पॉवरप्लेमध्ये, म्हणजे एखाद्या बड्या नेत्याच्या बाजूनं खेळायच्या भागात, आर्चन डिलेन आहे, हार्मा सिस्टीममधला चाच्यांचा राजा. पण तुमच्या मनातला फरारी त्याच्याकडं नोकरी करेल असं मला वाटत नाही.

नियम वहीत लिहून ठेवा, खरंच. सायडवाइंडरवाल्याला अडवायचं नाही कारण ते सुरुवातीचं शिप, निम्म्यापेक्षा जास्त माल घ्यायचा नाही, जे काय तुमचं असेल ते. गेम विचारणार नाही, तुम्हालाच पाळायचेत.

माझा मुलगा नववीत आहे. दार लावून गेम खेळतो आणि आतनं आवाज येतो, "याला लुट, त्याला सोडू नको". मला काळजी वाटते. बंद करू का?
– एक आई, सातारा

ताई, काळजी वाटणं साहजिक आहे. एकदम बंद करू नका, आधी शेजारी खुर्ची टाकून बसा आणि त्याला म्हणा मला दाखव. मुलं दाखवतात, उलट खूश होतात. त्याला विचारा की हा माल कुणाचा, लुटल्यावर तुला काय होतं, पोलीस आले तर. तो जर बाउंटी, दंड, कुणाला सोडलं आणि का, हे सगळं सांगायला लागला तर पोरगं विचार करून खेळतंय असं समजा. नुसतं कुणालातरी त्रास देऊन हसत असेल तर मात्र त्यावर बोला, तिथं गेमचा प्रश्न नाही, वागण्याचा आहे.

त्या लुटीपेक्षा मला दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे हेडफोनवर तो कुणाशी बोलतो, वर्गातले मित्र की अनोळखी मोठी माणसं. दुसरं, गेममध्ये आर्क्स नावाचं चलन आहे ते खऱ्या पैशानं विकत घेता येतं, तर तुमचं कार्ड किंवा यूपीआय त्याच्या खात्याला जोडून ठेवू नका. आणि दार उघडं ठेवायला सांगा, एवढं मागायचा हक्क आहे तुमचा.

आमच्याकडं पावसाळ्यात नेट कधी असतं कधी नसतं. एलिट सोलोमध्ये ऑफलाइन चालतं का? नसेल तर असा आउटलॉचा दुसरा कुठला गेम?
– एक वाचक, वाई

नाही चालत, सोलोलापण नेट लागतंच. एकदम लुटीच्या मधी नेट गेलं की फार चिडचिड होते, तर दुसराच बघा.

एक्सफोर फाउंडेशन्स घ्या, एगोसॉफ्ट या जर्मन कंपनीचा, २०१८ चा. एकट्यानं खेळायचा, नेट नसलं तरी चालतो, सेव्ह करता येतो. तिथं नुसता माल नाही, अख्खं शिप पळवता येतं, तुमचे मरीन (सैनिक) समोरच्या शिपवर चढवायचे आणि ताबा घ्यायचा. प्रत्येक फॅक्शनशी तुमचं नातं उणे तीस ते अधिक तीस असं मोजलं जातं, त्यामुळं कुणाशी वैर घेताय ते समोर दिसत राहतं. टाइड्स ऑफ अ‍ॅव्हरिस म्हणून २०२२ ला एक डीएलसी (वेगळा विकत घ्यायचा जादा भाग) आली ती तर चाच्यांवरच आहे, पण आधी मूळ गेम घ्या. शिकायला जड आहे, पहिले काही दिवस डोकं फिरेल, आणि पीसी बरा लागतो, जुन्या लॅपटॉपवर गॅलेक्सी वाढत गेली की गेम अडकायला लागतो. स्टीमवर सेल लागतो तेव्हा घ्या, आणि नेट असेल त्या दिवशी सगळं डाउनलोड आणि अपडेट करून एकदा नेट बंद करून चालू करून बघा, म्हणजे पावसात अडायला नको.