आधी गाढवाचा दिवस आखा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. डोंगरावरचं गाव, घरची दोन गाढवं, आणि बेत असा की पाहुणे पायी चालतील, त्यांचं सामान गाढवांवर जाईल, तीन दिवसांत आसपासच्या वस्त्या हिंडून परत यायचं. रोज किती अंतर ठेवावं, किती माणसं घ्यावीत, लहान मुलांना पाठीवर बसवावं का आणि यातून गावाला खरंच काही मिळतं का, असं तुम्ही विचारलंय. मी हे काम बरीच वर्षं करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. ओझं घेतलेलं गाढव चढउताराच्या वाटेवर तासाला तीनेक किलोमीटर चालतं. पाणी, चरणं, दुपारची विश्रांती धरली की दिवसाला बारा, फार तर पंधरा किलोमीटर होतात. गाडीने तासाभरात मागे पडणारा टापू गाढवासोबत तीन दिवस पुरतो. म्हणजे दोन रात्री, दोन वेगळ्या घरी मुक्काम, वाटेत दुपारचं जेवण देणारी आणखी एक-दोन घरं. पैसा गावांत राहतो तो या थांबण्यामुळे. कुणी म्हणालं की आम्हाला चालायची सवय आहे, वीस-पंचवीस किलोमीटर ठेवा, तरी ठाम राहा. अंतर वाढलं की एक मुक्काम गळतो आणि त्या घराची कमाईही जाते.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा लेखक १८७८ साली दक्षिण फ्रान्सच्या सेव्हेन डोंगरांतून मोडेस्टिन नावाच्या गाढवीला घेऊन बारा दिवस चालला. सुरुवातीला तिची चाल त्याला सोसवेना, त्याने तिला काठीने मारलं, आणि नीट न बांधलेलं ओझं सारखं घसरत राहिलं. नव्या वाटाड्याला मी हे आवर्जून सांगतो, कारण या दोन्ही चुका आजही पहिल्याच दिवशी होतात. त्याच मार्गावर आता जीआर ७० नावाची, अडीचशे किलोमीटरहून लांब, खुणा केलेली पायवाट आहे. लोक तिथे भाड्याने गाढव घेऊन चालतात आणि वाटेवरच्या मुक्कामांत गाढवाच्या रात्रीचीही सोय असते. तुम्हीही घरं निवडताना आधी मागचं आवार बघा. बंद कुंपण, पाणी, पावसात आडोसा. गाढव हे कोरड्या मुलखातलं जनावर, त्याच्या केसांवरून पाणी निथळत नाही, ते चिंब भिजतं आणि गारठतं. आडोसा नसलेलं घर कितीही प्रेमळ असलं तरी मुक्कामाला घेऊ नका.

आता ओझं. गाढवाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ नका, आणि त्यात पालाणही, म्हणजे ओझ्यासाठी पाठीवर बांधायचं खोगीरही, धरा. १८० किलोचं गाढव असेल तर ३६ किलो. पालाण सहा किलोचं असलं तर उरले ३०. दोन गाढवांचे ६०. सहा पाहुण्यांचं प्रत्येकी सात किलो सामान म्हणजे ४२, उरलेल्या १८ किलोंत औषधपेटी, दोर, ताडपत्री आणि जनावरांचा खुराक. म्हणून सहा पाहुणे, सातवा नको. दोन्ही बाजूंच्या पिशव्या रोज सकाळी काट्याला लावून तोला. अर्ध्या किलोचा फरकही उतारावर पालाण एका अंगाला ओढतो.

मुक्कामी पोचल्यावर पालाण काढलं की लगेच पाठीवर पाणी मारू नका. आधी बघा. सगळी पाठ घामाने सारखी ओली असेल तर पालाण नीट बसलंय. ओल्या पाठीवर मध्येच तळहाताएवढा कोरडा डाग दिसला तर तिथे दाब जास्त पडतोय. आज तिथे फक्त केस दबलेले दिसतील, आणि असंच चालू ठेवलं तर पुढे जखम होईल. मी एकदा असा डाग पाहूनही, उद्याचा एकच दिवस आहे म्हणून, तेच पालाण पुन्हा चढवलं होतं. पाठ लागली. त्या गाढवीला भरून यायला दीड महिना गेला, आणि नंतर कितीतरी दिवस पालाण दिसलं की ती कान मागे टाकायची. त्याचं वाईट मला अजून वाटतं. हात फिरवून, खरारा करून, डाग बघूनच मग स्वतः चहा घ्या.

गाढव अडलं की पाहुणे हसतात आणि कुणीतरी मागून ढकलायला जातं. हे पहिल्या दिवशीच थांबवा. घोडा बुजला की पळतो, गाढव बुजलं की थांबतं आणि समोरचं नीट पाहून घेतं. माझ्या जोडीतलं एक गाढव एकदा ओढ्यावरच्या फळ्यांपाशी दहा मिनिटं हललं नाही. कान पुढे, मान खाली, नाकाने पहिली फळी हुंगत होतं. मी पाय ठेवून पाहिलं तर दुसरी फळी एका टोकाला सुटली होती. आम्ही वरून वळसा घेतला. दोरी सैल सोडा, बाजूला उभे राहा, वेळ द्या.

लहान मुलांना पाठीवर बसवू नका. सामानाचं पालाण बसण्यासाठी नसतं, आणि एकदा बसवलं की प्रत्येकजण मागतो. त्याऐवजी मुलांच्या हाती दावं द्या, वाटाडा शेजारी चालू द्या. मुलं तासन् तास चालतात, कुरकुर करत नाहीत.

तुमची दोन्ही गाढवं एकत्र वाढलेली दिसतात. त्यांना वेगळं करू नका. एक लंगडलं तर दोघंही घरी राहतील, हे बुकिंग घेतानाच सांगून ठेवा. जोडीपासून तोडलेलं गाढव कधी कधी खाणंच सोडतं, आणि उपाशी गाढवाच्या रक्तात चरबी वाढून ते दगावू शकतं. त्यामुळे खाणं टाकलं की त्याच दिवशी पशुवैद्य. खूर दर सहा ते दहा आठवड्यांनी काटून घ्या. चार वर्षांखालच्या जनावरावर पूर्ण ओझं नको. झाडाला थेट बांधू नका, साल सोलून खातात. झऱ्यापासून साठेक मीटर लांब बांधा आणि वाटेवरची लीद बाजूला करा. खालच्या वस्तीचं पिण्याचं पाणी तेच असतं.

गाढव नीट ठेवलं तर तीस वर्षंही जगतं, काम मात्र तेवढी वर्षं करत नाही. प्रत्येक फेरीतून थोडी रक्कम त्याच्या म्हातारपणासाठी बाजूला काढा, आणि ती गावातल्या सगळ्यांसमोर वहीत लिहा.

पाहुणे घेण्याआधी पूर्ण ओझ्यासह तीन दिवस तुम्हीच फिरून या. कुठे थांबलात, किती वेळ लागला, पाठ कशी दिसली हे लिहून ठेवा. ते इथे टाका, मग टप्पे कुठे तोडायचे ते बघू.