वाचक विचारतात: बॉनेटवरच्या जाळीसारख्या रेघा, कंपाउंड घेऊ की पॉलिश?

प्रश्न: सोलापुरात विजापूर रोडला राहतो, काळी गाडी आहे, सहा वर्षं झाली. उन्हात लावली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतात. दोन महिन्यांपूर्वी एका ठिकाणी पॉलिश करून घेतलं, आठवडाभर आरशासारखी चमकली आणि तीन-चार वॉशिंगनंतर सगळ्या रेघा परत! आता एक दुकानदार म्हणतो रबिंग कंपाउंड न्या आणि घासा. घेऊ का? बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पण आहेत.

उत्तर: दादा, कंपाउंड म्हणजे पॉलिशपेक्षा जास्त कापणारा माल, तो आत्ताच घेऊ नका, थोडं थांबा. तुमच्या गाडीला जे लावलं त्यात बहुतेक फिलर होतं, म्हणजे तेलकट माल रेघांमध्ये भरून बसतो, रेघा दिसेनाशा होतात आणि शाम्पूने दोन-चारदा धुतलं की तो निघून जातो. रेघ गेलेलीच नसते, झाकलेली असते.

रेघ खरोखर घालवायची तर तिच्या आजूबाजूचा क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, घासून तिच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो, दुसरा मार्ग नाही. आणि क्लिअरकोट असतो केवढा, साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ, आणि उन्हापासून रंग वाचवतो तो हाच थर. एकदा संपला की कुठलंही पॉलिश तो परत आणत नाही, मग रिपेंटच. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, सगळ्यात सौम्य वस्तूने सुरुवात करा आणि काम झालं की तिथेच थांबा.

आधी रेघेवरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर ती रेघ पॉलिशने पूर्ण जाणार नाही, तिच्या मागे लागू नका. मग गाडी स्वच्छ धुवा. पांढऱ्या डागांना साधं पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी, गार पत्र्यावर मिनिट-दोन मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका, लगेच भरपूर पाण्याने धुवा. तरी डागाच्या जागी गोल खड्डा दिसत असेल तर पाण्यातल्या क्षारांनी क्लिअरकोट खाल्लाय, त्याला पॉलिशच लागेल. नंतर क्ले बार, म्हणजे रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवा, हाताला खरखर लागायची थांबेपर्यंत.

आता खरं काम. बॉनेटवर मास्किंग टेपने फूटभर चौकोन आखा आणि फक्त तेवढ्यातच करून बघा की. पहिल्यांदा फिनिशिंग पॉलिश आणि मऊ फोम पॅड. टॉर्च मारून बघा. रेघा राहिल्या तर पॉलिश तेच ठेवा, पॅड थोडं कडक घ्या, कारण पॅड बदललं की कटिंग बदलतं आणि हेच बरेच जण विसरतात. तरीही नाही जमलं तर आणि तरच कंपाउंड. मेग्वायर्स कंपनीचं १०५ कापायला आणि २०५ फिनिशिंगला, अशी जोडी डिटेलिंगवाले वर्षानुवर्षं वापरतायत. काळ्या गाडीवर कंपाउंडनंतर धुरकटपणा दिसतोच, तो घालवायला फिनिशिंगचा हात मारावाच लागतो.

जुन्या पद्धतीच्या पॉलिशमधले कण घासता घासता मोडून बारीक होतात, त्यामुळे अर्धवट सोडून पुसलं तर चकाकी येत नाही. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचून त्याप्रमाणेच करा.

मशीन घ्यायचं तर डीए, म्हणजे पॅड गोल फिरवता फिरवता हलवणारं ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर, घ्या, ड्रिलला पॅड लावून करू नका. ड्रिलसारखी एकाच अक्षावर फिरणारी रोटरी मशीन एकाच जागी पत्रा तापवते आणि पत्र्याच्या कडांवर रंग पातळच असतो, तिथे क्षणात पांढरं पडतं. कडांना टेप लावा. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात, एका वेळी दोन फूट बाय दोन फूट, आधी आडवं मग उभं.

आणि आपल्या सोलापुरात एप्रिल-मे मध्ये दुपारी अजिबात नाही. पत्रा तापलेला असला की पॉलिश लगेच वाळून चिकटतं. सकाळी लवकर, सावलीत, हात ठेवल्यावर पत्रा गार लागला पाहिजे.

झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून पुसा, म्हणजे तेल निघून खरं काय झालंय ते दिसेल. मग वॅक्स किंवा सीलंट लावा, कारण पॉलिश रंगाचं रक्षण करत नाही.

रेघा पडतात कशामुळे, तर रोज सकाळी धुळीवर कोरडं फडकं मारल्यामुळे. नळाला पाणी रोज येत नाही हे मान्य, पण मग त्या दिवशी गाडी धुळकटच राहू द्या. आपले सोलापुरी टॉवेल अंग पुसायला एक नंबर, मला त्यांचा अभिमान आहे, पण त्यांची शिवलेली कडक किनार काळ्या रंगावर घासू नका, त्यासाठी मायक्रोफायबरच ठेवा.

प्रश्न: वडिलांची जुनी लाल गाडी आहे, पॉलिश केलं तर फडक्याला लाल रंग लागतोय. काही बिघडलं का?

उत्तर: घाबरू नका. जुन्या बऱ्याच गाड्यांना वर क्लिअरकोट नसायचा, रंग एकाच थराचा, त्यामुळे उन्हाने मेलेला वरचा रंग फडक्यावर येतोच आणि खालून ताजा लाल निघतो. हातानेच, हलकं पॉलिश करा आणि फडकं सारखं बदला. पण गाडीला क्लिअरकोट असताना रंग निघत असेल तर ताबडतोब थांबा, थर फाटलाय, आणि पेंटरला दाखवा.